मांडुळाची दोन तोंडे

हिमालयातल्या हिममानवाचे दर्शन आता होणार, एवढ्यात आमच्या शिरूर कासारची वीज गेली.

अगदी ऐन वेळी गेली. तासभर आम्ही चौघे, म्हणजे आई, बायको, चिरंजीव आणि मी, टीव्हीपुढे जीव मुठीत धरून बसलो होतो. बर्फात उमटलेली पावले दाखवून झाली होती. एका म्हाताऱ्या शेर्पाने हात उंच करून त्या प्राण्याची उंची सांगितली होती. रात्रीच्या हिरवट चित्रात झुडपामागे काहीतरी हलले होते, निवेदकाचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा खोल खोल गेला होता, आणि मधल्या जाहिरातींनी आमच्या सहनशीलतेचा अंत पाहिला होता. आता ते दिसणार! आणि काळोख झाला. चिरंजीव कळवळले. मी विजेच्या नावाने दोन शब्द उच्चारले. आई मात्र अंधारातच शांतपणे म्हणाली, "दिसणारच नव्हतं ते. आज दिसलं तर उद्या कोन बसंल यांच्यापुढं?"

मला या चित्रपटांचे वेड आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. वर्गात मुलांना मी 'पुरावा दाखवा, मग बोला' असे बजावतो आणि रात्री घरी येऊन पुरावा नसलेल्या जनावरांमागे रानोमाळ हिंडतो. ही हौस आजकालची नव्हे. १९७७ साली अमेरिकेत 'इन सर्च ऑफ' नावाची मालिका सुरू झाली, तेव्हापासून नेस सरोवरातला राक्षस, अरण्यातला बिगफूट आणि आपला हिममानव यांना छोट्या पडद्यावर कायमची नोकरी लागली आहे. पुढे 'फाइंडिंग बिगफूट' ही मालिका २०११ पासून २०१८ पर्यंत चालली. म्हणजे सापडण्याची क्रिया सात वर्षे अखंड चालू होती. सापडले काहीच नाही! २०१२ साली तर जलपऱ्यांवरचा एक चित्रपट असा काही बेमालूम सजवला होता की, जलपरी असल्याचा पुरावा कधीच मिळालेला नाही, असे अमेरिकेच्या सरकारी सागर-खात्याला जाहीर करावे लागले. त्यात शास्त्रज्ञ म्हणून जे बोलत होते ते नट होते.

क्वचित मात्र हे खेळ सत्याच्याही उपयोगी पडतात. अशाच एका कार्यक्रमाच्या निमित्ताने हिममानवाचे म्हणून जपलेले केस, हाडे, दात असे अवशेष जमवण्यात आले होते. शास्त्रज्ञांनी त्यांतले नऊ नमुने तपासून २०१७ साली निष्कर्ष छापला. आठ नमुने अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा! मी हे घरात मोठ्या उत्साहाने सांगितले तेव्हा सर्वांची तोंडे उतरली. अस्वल काय, कुणीही दाखवील!

आपला गावच अशा कथेत सापडला म्हणजे काय होते, हे आमच्या बीड जिल्ह्याने २०२१ च्या डिसेंबरात पाहिले. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या माळवदांवर नेऊ लागली. पिल्ले वरून पडून मेली, हे खरे. पण बातमी गाव सोडून निघाली तशी तिला शिंगे फुटली. वानरांनी सूड उगवला, अडीचशे कुत्री मारली, युद्ध पेटले! साता समुद्रापलीकडे लोकांनी चित्रे काढली, विनोद रचले. वनखात्याने अखेर दोन वानरे पकडून नेली. पुण्याहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, तुम्ही घराबाहेर पडता ना?" शिरूरात बसून मी त्याला काय सांगणार? त्याला अडीचशेच हवे होते. थोडक्याची बातमी घेऊन तो रात्री ऑफिसातल्या मित्रांपुढे काय करणार होता?

मी हसलो खरा. पण गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ते हसू माझ्या घशात अडकले.

सातवीतला एक मुलगा मधल्या सुटीत माझ्याकडे आला आणि दार लोटून घेऊन म्हणाला, "सर, एक दाखवायचंय." त्याच्या हातात खताच्या पोत्याचा तुकडा होता. आत मांडूळ. हातभर लांब, तांबूस, गुबगुबीत, थंडगार. बिचाऱ्याने डोके वेटोळ्यात खुपसले होते आणि बोथट शेपटी वर काढली होती. संकट आले की ते तेच करते. शत्रूने घाव घातला तर तो शेपटीवर बसावा, एवढीच त्या दुसऱ्या तोंडाची करामत.

"इकायचंय सर. धा लाख येतेत म्हणं. टीव्हीवर दाखवलं, अन् तुमच्या पुस्तकात बी हाय."

माझ्या पुस्तकात! वाचकहो, ते खरे होते. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक गरीब नायक आहे. त्याला मांडूळ सापडते, अमावास्येच्या रात्री ते एका जागी थांबते, तिथे खणल्यावर मोहरांचा हंडा लागतो आणि नायकाचे भले होते. ते प्रकरण पुष्कळांना आवडले होते. शाळेच्या कपाटातली प्रत मीच त्या मुलाच्या हातात ठेवली होती.

ही गोष्ट मी आईकडून घेतली. लहानपणी ती सांगायची, मांडूळ सहा महिने इकडून चालते, सहा महिने तिकडून, आणि जमिनीतल्या धनावर राखण करते. पण तिच्या गोष्टीत पुढे आणखी एक वाक्य असे: जो मांडुळाला हात लावील त्याचा निर्वंश होईल. त्या वाक्यामुळे तिच्या माहेरी नांगरटीत मांडूळ निघाले तर गडी बैल थांबवीत आणि ते आपसूक जाईपर्यंत तंबाखू मळीत उभे राहत. मी शिकलेला माणूस. शाप म्हणजे अंधश्रद्धा, ती मास्तराने कशी छापावी, असे म्हणून मी शाप गाळला आणि हंडा ठेवला. टीव्हीवालेही तेच करतात. आईच्या खोट्या गोष्टीत ते जनावर सुखरूप होते. माझ्या सुधारलेल्या गोष्टीतून ते पोत्यात आले.

"पैसे कशाला रे हवेत?" मी विचारले.

"उचल फेडायला. मग आई-बाबा फडावर जाणार न्हाईत."

आमच्या तालुक्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. इथली कोरडवाहू शेती घर चालवू शकत नाही. म्हणून पावसाळ्यात मुकादमाकडून आगाऊ रक्कम घ्यायची, तिला उचल म्हणतात, आणि दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोच्या जोडीने साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जायचे. परत यायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. या मुलाची आजी त्या वर्षी गेली होती. त्याला मागे ठेवायला घरी कोणी उरले नव्हते.

मी त्याला सगळे सांगितले. मांडुळाला विष नाही, तसे धनही ठाऊक नाही. ते उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याचाच गडी. १९७२ च्या कायद्याने त्याला पकडणे-विकणे गुन्हा आहे. लाखांचा भाव सांगणारे पुष्कळ भेटतात आणि शेवटी गठडी वळते ती पोते धरणाऱ्याची. आमच्याच तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी केंद्रात जखमी वन्यजीवांची शुश्रूषा होते, तेही सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मंग तुम्ही लिहिलं कशाला?"

"गोष्ट होती रे ती," मी म्हणालो. माझे मलाच ते ऐकवेना.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघे सिंदफणेच्या कडेने त्याच्या बांधावर गेलो. पोते उलटे केले. मांडूळ क्षणभर निपचित पडले, मग भुसभुशीत मातीत त्याने नाक घातले आणि बघता बघता आत उतरले. मुलगा ती जागा न्याहाळीत राहिला. पायाने थोडी माती उकरली, पुन्हा सारखी केली.

निघायच्या आदल्या दिवशी तो शाळेत आला. "पुस्तक द्या सर एखादं. खरं असलेलं."

कपाटापुढे मी बराच वेळ उभा होतो. माझ्या तीन कादंबऱ्या बाजूला सारून सापांवरचे एक जुने, पाठ निघालेले पुस्तक काढून दिले. चैत्रात ते परत आले. कडांना उसाचा चिकटा होता आणि मांडुळाचे चित्र असलेले पान तेवढे जागेवर नव्हते. मी विचारले नाही.