डाक

आमच्या डोक्यावरच्या बिऱ्हाडात एक बेस गिटार राहते. भाईंदरला आल्यावर लोकलच्या खडखडाटाची मला आठ दिवसांत सवय झाली. पण रात्री नऊच्या ठोक्याला छतातून झिरपणाऱ्या त्या 'धुम्-धुम्'ची काही केल्या होईना. वाजवणारा तरुण दिवसा वडिलांबरोबर सोनारकाम करतो आणि रात्री, आपली गाणी आपणच रचणाऱ्या एका रॉक बँडसाठी सराव. एकदा जिन्यात त्याचे वडील भेटले. मी मास्तरी आवाजात म्हणालो, "चिरंजीवांना सांगा, माणसाने एक काहीतरी धड करावे!"

दुसऱ्या दिवसापासून छत मुके झाले. मी मनात विजय साजरा केला.

दिवाळीच्या तोंडावर हिच्या मंगळसूत्राच्या वाटीची कडी निखळली. पेढीवर गेलो, तर चिरंजीवच बसलेले. त्याने सांध्याला टाकणखार लावला, मोहरीएवढा डाकेचा कण ठेवला आणि ज्योत धरली.

"सर, डाकही सोन्याचीच; पण तिच्यात तांबे-चांदी जास्त. म्हणून दागिन्याआधी ती वितळते आणि दोन तुकडे धरून ठेवते."

उजळा दिल्यावर सांधा कुठे होता, ते मला दाखवता येईना.

"हल्ली वाजवीत नाहीस?" मी सहज विचारले.

"बाबा म्हणाले, सरांना त्रास होतो."

मी खाली पाहिले. वीस वर्षे मी वर्गात नरहरी सोनार शिकवतो आहे. मूस, हातोडी हाताळणाऱ्या त्याच हातांचे अभंग मुलांना रंगवून सांगतो. 'महाराज, एक काहीतरी धड करा,' असे त्यांना सांगण्याचे मला कधी सुचले नाही!

"आजपासून वाजव," मी म्हणालो.

त्याने आग्रहाने मला कार्यक्रमाला नेले. बेसला तारा चारच; साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली बोलणाऱ्या. ड्रम आणि गायकाची आरोळी यांत त्याचे वाद्य मला मुळी ऐकूच येईना. एवढ्यात त्याची वायर निसटली. तो थांबला, आणि सूत तुटलेल्या माळेसारखे सारे गाणे विखुरले. वायर पुन्हा बसली, तसे मणी जागच्या जागी आले.

डाक म्हणतात ती हीच, हे तेव्हा कळले.

आता नऊ वाजले की पेपर तपासता तपासता मी छताकडे पाहतो. पाच मिनिटे उशीर झाला, तर हीच विचारते, "आज वरती बरे नाही का कोणाला?"