लहान, मोठं आणि सारखं

गावातल्या पुस्तकांची यादी संगणकावर मराठी वर्णक्रमाने लावायचं काम सध्या माझ्याकडे आहे. मालगुंडच्या यादीत दामले असणारच: केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव, आणि १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' देणारे त्यांचे धाकटे भाऊ मोरो केशव. दामल्यांचा क्रम बिनबोभाट लागतो. अडतं ते 'ळ' आणि 'ऱ'पाशी.

युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे, म्हणून < हे चिन्ह नुसते संकेतांक पाहून 'माळी'ला 'मावशी'च्या आधी नेतं. आपल्या शब्दकोशात 'ळ' येतो 'ह'नंतर. त्यावर उपाय सोपा: मराठी क्रम जाणणारं वेगळं फंक्शन वापरावं. 'ऱ' मात्र एकसंध अक्षर म्हणून साठवता येतो, तसाच 'र' आणि खाली नुक्ता असाही. पडद्यावर 'किनाऱ्यावर' दोन्हीकडे तंतोतंत सारखं. क्रमाचं फंक्शन म्हणतं, यांत लहानमोठं कोणी नाही. == म्हणतं, हे शब्दच वेगळे. मग एकच पुस्तक यादीत शेजारी शेजारी दोनदा येतं, आणि शोधायला जावं तर एकच नोंद सापडते.

क्रम लावायच्या कोणत्याही दोन मूल्यांत <, == आणि > यांपैकी नेमकं एकच खरं ठरावं, हे प्रोग्रामिंगच्या भाषेने आपल्याला दिलेलं वचन आहे असं मी मानतो. जावाच्या बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० क्रमाने सारखे, पण समानतेच्या कसोटीवर वेगळे. म्हणून हॅशसेटमध्ये ते दोन राहतात, ट्रीसेटमध्ये एकच उरतो. हे जाणूनबुजून केलेलं आहे, तरी मला पटत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तर नल शून्याहून मोठा नाही, शून्याइतकाही नाही, पण >= विचारलं की उत्तर 'हो'! त्यापेक्षा पायथन ३ बरी. मजकूर आणि संख्या यांत लहान कोण, असं विचारलं की ती सरळ नकार देते. सी प्लस प्लसने २०२० साली <=> आणलं; तुलना एकदाच लिहायची, लहान-मोठ्याची चारही चिन्हं तिच्यातूनच निघतात. सगळ्या भाषांनी हीच वाट धरावी.

यादीत मी मजकूर आत घेतानाच प्रमाण रूपात आणतो. तिथे नुक्त्याचा 'ऱ' एकसंध होतो. जुन्या टंकलेखनातला, अदृश्य जोडचिन्ह घातलेला 'र' त्यातूनही निसटतो. ते चिन्ह सरसकट पुसलं तर 'दऱ्या'चा 'दर्या' होईल, म्हणून त्या जोडीच्या जागी 'ऱ' बसवणारा नियम वेगळा लिहिला आहे, आणि तो कोणत्याही तुलनेच्या आधी चालतो.