बिननंबरची

गाडी घेणं सोपं असतं. डाउन पेमेंट, ईएमआय, शोरूमसमोर नारळ, पेढे आणि फोटो. मी घेतली नाही, बनवली. कळमन्यात, आमच्या गाळ्यामागच्या शेडमध्ये. आणि गंमत म्हणजे, ती रस्त्यावर कधीच धावणार नाही...

'काय बनवून राहिला बे?'

त्या दोन वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल! शेजारी, मार्केटमधले हमाल, कोपऱ्यावरचा चहावाला, आत्या... आणि व्हिडिओ कॉलवर मागे वेल्डिंगच्या ठिणग्या दिसल्या म्हणून खुद्द माझा बॉस. सुरुवातीला मी इमानदारीत 'कार' असं सांगायचो. समोरचा पाइपच्या सांगाड्याकडे पाहायचा, मग माझ्याकडे पाहायचा आणि 'बरं बरं' म्हणून सटकायचा. नंतर मी 'कूलर' सांगायला लागलो. नागपुरात कूलर म्हटलं की कुणी जास्त चौकशी करत नाही!

आमचं घर कळमना मार्केटपासून पाच मिनिटांवर. बाबांचा संत्र्याचा धंदा. भल्या पहाटे ट्रकचे हॉर्न, सीझनमध्ये हवेत मिरचीचा ठसका, असं आमचं बालपण. मी मात्र रोज शहर ओलांडून मिहानला जातो आणि दिवसभर एक्सेलच्या चौकोनांत आकडे भरतो. संध्याकाळी 'आज काय केलं?' असं कुणी विचारलं, तर बोट ठेवून दाखवावं असं काहीच नसतं. तुमचंही तसंच असेल. असो.

बाबांकडे २००४ ची मारुती व्हॅन होती. कागदावर ओम्नी, पण आमच्याकडे तिला सगळे व्हॅनच म्हणायचे. मागे संत्र्याचे कॅरेट आणि कॅरेटवर आम्ही दोघं भावंडं, असं शाळेत जायचो. १५ वर्षं झाली तेव्हा बाबांनी तिचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं. पण लवकरच खालचा पत्रा इतका सडला की पायाखालचा रस्ता दिसायला लागला. व्हॅन शेडमध्ये गेली. कबाडी येऊन भाव सांगून जायचा आणि बाबा दर वेळी 'पाहू' म्हणायचे.

जानेवारी २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची बातमी सगळीकडे फिरत होती. आठवतेय? भंगारातल्या सामानातून त्यांनी छोटी जीप बनवली, ती किक मारून सुरू व्हायची. आनंद महिंद्रांनी ती जीप घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. बाबांनी मला तो व्हिडिओ दाखवला आणि सहज म्हणाले, 'पाह्य, लोकं काय काय करतात.' झालं! डोक्यात किडा शिरला.

इंग्लंडमध्ये घरी गाडी बनवायचा शौक जुना आहे. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली आणि ती सुट्या भागांतही विकत मिळायची. तयार गाडीवर टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागत नव्हता. म्हणून लोक खोकी घरी आणायचे आणि गॅरेजमध्ये गाडी जोडायचे. पुढे फायबरग्लासमुळे हे काम आणखी सोपं झालं, कारण त्याला लाखो रुपयांचे डाय आणि प्रेस लागत नाहीत. साचा आणि दोन हात पुरतात. आपल्याकडेही १९९८ मध्ये आलेल्या दोन सीटच्या सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरचीच होती.

मला किट कोण देणार? मग म्हटलं, व्हॅन हेच आपलं किट! योगायोगाने ती या कामाला फिट होती. मारुती ८०० मध्ये इंजिन पुढची चाकं फिरवतं. व्हॅनमध्ये जवळपास तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन उभं बसवलेलं असतं आणि शाफ्टने मागची चाकं फिरवतं. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचा अ‍ॅक्सल अशी सगळी वरात उचलायची आणि नव्या सांगाड्यात बसवायची. सांगायला एक वाक्य, करायला आठ महिने.

सांगाडा चिखली ले-आउटमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींनी चौकोनी पाइपमध्ये बनवून दिला. फरशीवर खडूने पूर्ण मापाची गाडी काढली आणि त्यावर पाइप मांडून वेल्डिंग केलं. मी लॅपटॉपवर थ्रीडी ड्रॉइंग घेऊन गेलो होतो. मिस्त्रींनी ते कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, 'छान आहे. आता खडू घ्या.'

खरी मजा बॉडीची. आधी गाडीचा आकार बनवायचा, मग त्यावरून साचा आणि साच्यातून बॉडी. माझा पहिला आकार बुटासारखा दिसत होता, दुसरा जुन्या बुटासारखा! शेवटी चितारओळीतल्या एका मूर्तिकार काकांना गाठलं. गणपती आणि देवीचे साचे करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सीझन नव्हता, म्हणून ते आले. प्लॅस्टरचा आकार त्यांनी हाताने चाचपला आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'हे साच्यातून निघणार कसं?' माझ्या मडगार्डची कड आत वळलेली होती, ती साच्यात अडकली असती. 'मूर्ती असो का मोटार, उतार ठेवा लागते,' असं म्हणून त्यांनी तासाभरात ती कड घासून दिली. मला जे कळायला आणखी दोन महिने आणि एक वाया गेलेला साचा लागला असता, ते त्यांच्या बोटांना आधीच माहीत होतं.

मग मे महिना आला. नागपूरचा मे!

फायबरग्लासचं काम म्हणजे काय? साच्याला मेण लावायचं, वर जेलकोटचा थर आणि त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून बसवायची. रेझिनमध्ये हार्डनर टाकला की ते घट्ट व्हायला लागतं. नेटवर पाहिलं होतं, अर्धा तास मिळतो. तो अर्धा तास इंग्लंडचा होता. आमच्या पंचेचाळीस डिग्रीत पहिला मग आठ मिनिटांत गरम झाला, धूर सोडला आणि ब्रशसकट दगड झाला. तेव्हापासून टाइमटेबल बदललं. पहाटे साडेतीनला उठायचं, हार्डनर कमी टाकायचा, एका वेळी थोडंच रेझिन कालवायचं आणि ऊन चढायच्या आत बंद. एक गोष्ट मिस्त्रींनी बजावून सांगितली होती. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा. अंगाला सुटणाऱ्या खाजेबद्दल मात्र कुणी काहीच बोललं नव्हतं! नऊच्या मीटिंगमध्ये मी मनगट खाजवत बसायचो आणि एचआरने मला स्किन स्पेशालिस्टचा नंबर दिला.

तीन थर. जेमतेम तीन मिलिमीटर. साच्यातून पहिला भाग 'टक्' आवाज करून सुटला, तेव्हा मी आणि बाबा दोघंही शेडमध्ये होतो. बाबांनी त्यावर टिचकी मारली. 'टाकीसारखी वाजते,' म्हणाले. पण पुढच्या रविवारपासून तेही पहाटे उठून यायला लागले. आम्ही दोघांनी इतका वेळ एका ठिकाणी घालवला, ही माझ्या आठवणीतली पहिली वेळ. बोलणं म्हणजे 'पाना दे', 'धर', 'सोड'. तेवढंच. पण रोज.

पोळ्याच्या सुमारास पांढरी बॉडी सांगाड्यावर चढली. दिवे नाहीत, रंग नाही, नाक पुढे आलेलं. गल्लीतल्या पोरांनी लगेच बारसं केलं... बडग्या! मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या. तेच नाव राहिलं.

आता कागदांबद्दल. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं, म्हणजे १९८८ च्या कायद्याचं, कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करून गाडी चालवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. नवं मॉडेल म्हणून आणायचं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचण्या पार कराव्या लागतात, आणि ते काम कंपन्यांचं, शेडवाल्यांचं नव्हे. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकटी गाडीसुद्धा सरकारी तपासणीला नेता येते. पास झाली तर नंबर मिळतो. आपल्याकडे तशी वाट नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात 'मीरा' नावाची छोटी गाडी बनवली, स्प्रिंगऐवजी रबर वापरलं, वर्षानुवर्षं नवी नवी मॉडेल्स केली. उत्पादनाचा परवाना काही मिळाला नाही. लोहारांच्या जीपबद्दलही महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं की नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती थांबवली जाईल.

हे सगळं वाचून मी चिडलो होतो. आणि नेमका तेव्हाच एक ओळखीचा एजंट भेटला. 'टेन्शन काऊन घेता? व्हॅनची आरसी चालू आहे ना? इंजिन तेच, नंबर तोच. प्लेट लावा अन् फिरवा. कुणी विचारलं तर मी आहे.' रक्कमही फार नव्हती. मी त्याला सोमवारी पैसे द्यायचं कबूल केलं.

रविवार मध्ये होता.

ओळखीच्या एका कोल्ड स्टोरेजच्या मागचं आवार त्या दिवशी रिकामं होतं. बडग्या ट्रॉलीवर चढवून तिथे नेला. मी स्टीअरिंगवर बसलो. बाबा म्हणाले, 'मी बसतो बाजूला.' बेल्ट अजून लावलेले नव्हते. हँडब्रेकची केबल 'नंतर'च्या लिस्टमध्ये होती. मागच्या चाकांचे ब्रेकसुद्धा. म्हटलं, आवारातल्या आवारात तर फिरायचं आहे.

पहिला राउंड झक्कास! फायबरमुळे गाडी एवढी हलकी की ते म्हातारं इंजिन कॉलेजात गेल्यासारखं पळत होतं. बाबा हसत होते. मोठ्याने. दुसऱ्या राउंडला मी जरा वेग वाढवला, समोर भिंत आली, ब्रेक दाबला. आधी लागला. मग पेडल मऊ पडलं आणि सरळ फरशीला टेकलं.

डाव्या बाजूला रिकाम्या कॅरेटची थप्पी होती. मी तिकडे वळवली.

कॅरेट उडाले, बडग्याचं नाक चिरलं आणि बाबांचं कपाळ समोरच्या पाइपवर आपटलं. भुवईवर तीन टाके. पुढच्या चाकाचा ब्रेकचा रबरी होज फाटला होता. व्हॅनचाच, वीस वर्षांचा. मिस्त्रींनी दोनदा सांगितलं होतं, 'हे नवे टाका.' दोन्हींचे मिळून सहाशे रुपये झाले असते. मी ते वाचवले होते. त्याच महिन्यात लेदरच्या स्टीअरिंगवर साडेतीन हजार घातले होते, कारण ते फोटोत दिसतं.

घरी आल्यावर आईने विचारलं. बाबा म्हणाले, 'शेडचा पत्रा लागला.' माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या रात्री झोप आली नाही. डोळ्यांसमोर आवार नव्हतं, भंडारा रोड होता. पुढे कांद्याचा ट्रक, बाजूला स्कूटरवर एखादं कुटुंब, माझं पेडल फरशीला टेकलेलं आणि मागे व्हॅनचा नंबर. मी दोन वर्षं कायद्याला शिव्या घालत होतो की माझी गाडी न पाहताच तो 'नाही' म्हणतो. पण कुणी खरंच पाहिली असती, तर त्यानेही 'नाही'च म्हटलं असतं. आणि बरोबर म्हटलं असतं. एकट्या गाडीची तपासणी करायची सोय आपल्याकडे व्हायला हवी, असं मला आजही वाटतं. फक्त आता ती मला नंबर मिळावा म्हणून नको आहे. सहाशे रुपयांचा होज कुणीतरी वेळेत धरावा म्हणून हवी आहे.

सोमवारी एजंटला फोन करून नाही म्हटलं. मग बाबांना सगळं सांगितलं, पैसे ठरवल्याचंही. ते काही बोलले नाहीत. पण त्याच आठवड्यात आम्ही दोघं आरटीओत गेलो. व्हॅन मोडीत काढल्याचा अर्ज, आरसी आणि पत्र्यातून कापलेला चेसिस नंबरचा तुकडा, सगळं जमा केलं. बाबांनी तो तुकडा द्यायच्या आधी रुमालाने पुसला.

बडग्याला आता चारही चाकांना ब्रेक आहेत. होज नवे, पाइप नवे, हँडब्रेक, बेल्ट, सगळं आहे. चिरलेलं नाक आतून मॅट लावून सांधलं, त्यामुळे ती बाजू दुसरीपेक्षा जाड झालीय आणि उन्हात नीट पाहिलं तर रेघ दिसते. नंबर प्लेटची जागा रिकामी आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी ट्रॉलीवर घालून त्याला त्याच आवारात नेतो आणि चार राउंड मारतो.

ऑफिसातले विचारतात, एवढे पैसे घालून रस्त्यावर न येणारी गाडी कशाला? खर्चाचं एक्सेल माझ्याकडे आहे, शेवटचा आकडा एक लाख बेचाळीस हजार. एवढ्यात बरी सेकंडहँड मिळाली असती, मान्य. पण सेकंडहँडसाठी बाबा पहाटे साडेतीनला उठले नसते.

आजही ते बाजूलाच बसतात. बेल्ट लावतात, भुवईवरची खूण चाचपतात आणि मी चावी फिरवायच्या आधी दर वेळी एकच विचारतात...

'ब्रेक पाह्यला काय?'