काकूंची हिरवी गाडी

मिरजेच्या एका जुन्या वाड्यामागे, गोठ्यात ती उभी होती. मागच्या टाकीवर गोवऱ्यांची चळत, चाकाच्या तारांतून वर चढलेला वेल. अंगावर रंग असा उरलेलाच नव्हता. पण ते उभं जाळीदार नाक आणि १९ इंची तारांची चाकं पाहताच माझ्या छातीत धडधडलं. एमजी टीसी! इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा जेमतेम १० हजार गाड्या तयार झाल्या. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर मी हीच काढायचो.

"तुम्हीही लाल करणार असाल, तर चहा घ्या आणि निघा," काकू म्हणाल्या. "ह्यांची गाडी हिरवी होती. लाल करू म्हणणाऱ्या तिघांना मी परत पाठवलंय."

"नाही करणार," मी म्हणालो. गाडी मिळणार म्हटल्यावर मी काहीही कबूल केलं असतं!

घरी मात्र दोन दिवस अबोला होता. वाढीव खोलीसाठी साठवलेले पैसे मी गोठ्यात घातले होते, तेव्हा बायकोचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

काम सुरू झालं आणि कळलं, पत्र्याखाली ही गाडी लाकडाची आहे. बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा. क्रिकेटचे स्टंप ज्याचे करतात, ते. वाळवीने तो आतून असा पोखरला होता की दाराला हात लावताच भुसा गळायचा. आमचे सुतारमामा म्हणाले, "सागाचा करू, वाळवी पुन्हा फिरकणार नाही." मोह झाला, पण ॲश लवचिक असतं, खडबडीत रस्त्यावर ते हिसके सोसतं. शेवटी बाहेरून ॲश मागवलं. कुजलेला प्रत्येक तुकडा मामांनी आधी कागदावर उतरवून घेतला, मगच नवा कापला.

इंजिनाची गंमत वेगळीच. बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ मापाची! आमच्या मेकॅनिकचा एकही पाना नीट बसेना. तो वैतागून म्हणायचा, "साहेब, ही गाडी दोन सासरची आहे."

आणि रंग? खरं सांगतो, लाल रंगाचा डबा मी आणून ठेवला होता. स्पोर्ट्स कार म्हटली की लालच, शिवाय मिरज लांब आहे, काकूंना कोण सांगायला जातंय! एका रविवारी डॅशबोर्ड सोडवला. आतल्या पत्र्यावर, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे हातभर गडद हिरवा रंग ताज्यासारखा चमकत होता. बायको शेजारीच टॉर्च धरून उभी होती. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबा आता गच्चीच्या कठड्याला लागला आहे.

कागदपत्रांनी सर्वांत जास्त दमवलं. आरसी बुक काकांच्या नावावर, म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या आल्या. एक मुलगा परदेशात. मात्र केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाची 'विंटेज' म्हणून नोंद होते आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. काकूंना तेवढंच हवं होतं. रोज ऑफिसला नेता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला चालते.

दोन वर्षांनी इंजिन पहिल्यांदा धडधडलं, तेव्हा मी मिरजेला फोन लावून तो बॉनेटजवळ धरला. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला.

"भकभक करतीय," काकू म्हणाल्या. "चोक आत ढकल. हेही नेहमी विसरायचे."

मी पाहिलं. चोक ओढलेलाच होता.