आपल्याविषयी चार शब्द

नोकरीच्या मुलाखतीत हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आपल्याविषयी थोडे सांगा.’ प्रश्न साधा. परंतु पेडणे-डिचोलीकडील जुन्या मराठी घरांत वाढलेल्या माणसाची त्याने पंचाईत होते. आमच्याकडे आपल्याविषयी आपण बोलावयाचे नसते. देवळाच्या पायरीवर बसलेले वृद्ध गृहस्थ नवख्या पोराला ‘कोणाचा रे तू?’ एवढेच विचारीत. आजोबांचे आणि वाड्याचे नाव सांगितले की चौकशी संपली. स्वतःचे गुण सांगण्याची त्यात सोयच नव्हती, आणि कोणी आगाऊपणे सांगितलेच तर समर्थांनी दासबोधातील मूर्खलक्षणांत आत्मस्तुतीला जागा दिली आहे, याची घरी गेल्यावर आठवण करून दिली जाई.

मी स्वतः डिचोलीच्या एका खाणकचेरीत टंकलेखक म्हणून लागलो तो वडिलांच्या स्नेह्याच्या शब्दावर. अर्ज मागाहून लिहिला. त्या कचेरीत शिष्टाचाराचे पुस्तक नव्हते, परंतु दर्जा शर्टावरून कळे. खाणीची तांबडी धूळ कोणालाच सोडीत नसे. ज्याचा पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढरा राही तो साहेब, ज्याचा दुपारीच तांबूस होई तो खाणीवर देखरेख करणारा, आणि पांढरा शर्ट घेण्याचा विचारच ज्याने कधी केला नाही तो ट्रकवाला.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या; पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा मनाई आदेश आला. मध्यंतरी काम सुरू झाले, ते मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. या काळात चाळिशी-पन्नाशीतील माणसे आयुष्यात प्रथमच ‘बायोडेटा’ लिहावयास बसली. इंग्रजी नीट करून घेण्यासाठी काही जण माझ्याकडे येत. त्यांपैकी एक गृहस्थ वीस वर्षे वजनकाट्यावर होते. ‘आपले विशेष गुण’ या रकान्यापाशी ते अडले. मी दोन-चार विशेषणे सुचविली, तेव्हा संकोचून म्हणाले, “भाऊ, हे दुसऱ्याने म्हणायचे.” शेवटी आम्ही लिहिले : वीस वर्षे वजनकाटा, एकही तक्रार नाही. मुलाखतीत एका तरुण अधिकाऱ्याने त्यांना विचारले, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कोठे पाहता? ते म्हणाले, “घरी.” हिशेबाने उत्तर बिनचूक होते, कारण निवृत्तीला तेवढीच वर्षे उरली होती. ती नोकरी त्यांना मिळाली नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०२४ मध्ये पुन्हा खनिज निघू लागले, तोवर त्यांचे वय उलटून गेले होते.

म्हणून जुने तेवढे सोने, असे मात्र मला म्हणवत नाही. आपल्या पूर्वजांच्या व्यवहारातही प्रतिमेचे अवडंबर थोडे नव्हते. फक्त ती प्रतिमा स्वतः रंगवावी लागत नसे, समोरचा पत्राच्या मायन्यात रंगवून देई. ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत’, ‘वेदशास्त्रसंपन्न’, ‘राजमान्य राजेश्री’ यांतील कोणता मायना कोणाला, हे जात, वतन आणि पैसा पाहून ठरे. शेतात राबणाऱ्याला मायनाच नव्हता. विवाहित स्त्री ‘सौभाग्यवती’, विधवा ‘गंगाभागीरथी’. म्हणजे लिफाफा उघडण्याआधीच तिचे दुःख टपालवाल्यालाही कळावे, अशी ती व्यवस्था. आजच्या कचेरीतला ‘मॅडम’ हा शब्द कितीही रुक्ष असो, तो कपाळावरचे कुंकू तपासीत नाही. हा उपकार लहान नव्हे, आणि तो इंग्रजी शिष्टाचाराने केला हे कबूल करण्यात कमीपणा वाटू नये.

सर्वनामांचे मात्र कोडे आहे. आमच्या बोलीत पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांनाही ‘तू’च म्हणतात, आदर सर्वनामात नसून स्वरात असतो. बाहेरून आलेल्या वरिष्ठाला हे उमगत नाही. नव्या कंपन्यांत सर्वांना पहिल्या नावाने हाक मारण्याचा नियम असतो, तो वरवर समतेचा. तरीही साहेबाला नावाने हाक मारणारा कंत्राटी कामगार साहेबासमोर बसत नाही, उभाच असतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. पठाराभोवतीच्या गावांतील अनेकांच्या जमिनी त्यात गेल्या, काजूची झाडे गेली, आणि बदल्यात मुलाबाळांच्या नोकऱ्यांची आशा आली. आमच्या शेजारची एक मुलगी अशीच तेथे प्रवाशांच्या स्वागताला उभी असते. प्रशिक्षणात तिला केस कसे बांधावेत, नखे किती ठेवावीत, हात कोठे ठेवावेत, ओठ किती उघडून हसावे, हे सारे शिकविले. मला ती ‘काका’ म्हणते. मी जरा कुरकुर केली तेव्हा म्हणाली, “काका, आपले दशावतारी स्वतःचा रंग स्वतःच लावतात ना? मीही तेच करते.”

तिचे म्हणणे मला पुष्कळसे पटले. पेडण्याचा दशावतारी नट दिवसा कोठेतरी राबतो, रात्री राजा होतो, आणि त्यात त्याला कोणी खोटा म्हणत नाही. एक भेद तेवढा राहतो. त्या नटाच्या हाती लिखित संहिता नसते. बाण्याचे वस्त्र ठरलेले, पण बोलणे त्याचे त्याचे. या मुलीला वाक्येही पाठ दिलेली आहेत. एकदा गावातलेच एक आजोबा प्रथमच विमानाने निघाले होते. तिने पाठ केलेले इंग्रजी स्वागत म्हटले. ते गोंधळून मागे कोणी आहे का, म्हणून वळून पाहू लागले. मग तिने हळूच आपल्या बोलीत विचारले, “आजोबा, बॅग कुठे?” तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. वरिष्ठांनी ऐकले असते तर काय झाले असते, असे मी विचारले. “ऐकले,” ती म्हणाली, “आणि पुढच्या दोन म्हाताऱ्यांना माझ्याकडेच पाठवले.”

तिच्या आजीची शंका वेगळीच आहे. कुटुंबाची बाग त्या पठारावरच होती, त्यामुळे हिशेब विचारण्याचा अधिकार तिचाच. रात्रपाळी करून नात घरी आली की ती विचारते, “आठ-आठ तास हसत उभी राहतेस, त्याचे वेगळे पैसे मिळतात काय गो?”