आधी गच्ची दाखवा

पवनीतलं आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, कवेलूचं. भिंती हातभर जाड, वर माळा. नवतपात पारा ४५ च्या वर गेला तरी मधल्या खोलीत दुपारी डोळा लागायचा. त्याच जागी स्लॅबचं घर बांधायचं ठरलं तेव्हा मला पहिली काळजी उन्हाळ्याची होती. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. त्याच्याखाली आमच्या म्हाताऱ्या आईला झोपायचं होतं.

मेच्या कोरड्या हवेत कूलरला तोड नाही, बिलही कमी येतं. पण त्याची हवा बाहेर जायला समोर तेवढीच वाट हवी, आणि मृग लागून हवा दमट झाली की तो नुसता चिकचिकाट वाढवतो. म्हणून बाकी घराला कूलर आणि आईच्या खोलीला एसी, असं ठरलं.

नागपूरच्या एका दुकानदाराने खोलीची लांबी-रुंदी विचारून फोनवरच दीड टन सांगितला. दुसऱ्याचा आग्रह हीट पंपाचा, म्हणजे उन्हाळ्यात गार आणि थंडीत उलटा चालून गरम करणाऱ्या एसीचा. यंत्र चांगलंच आहे. ते उष्णता तयार करत नाही, बाहेरची ओढून आत आणतं, त्यामुळे हीटरपेक्षा वीज बरीच कमी लागते. पण आमच्या पौषातल्या थंडीला गोधडी पुरते. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालणं मला पटलं नाही.

तिसरे भंडाऱ्याचे. ते बांधकामावर आले आणि म्हणाले, "काकाजी, टनाचं मागून पाहू, आधी गच्ची दाखवा." पश्चिमेची भिंत पाहिली, खिडक्या मोजल्या. मग समजावून सांगितलं : एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉटच्या वेगाने खोलीतली उष्णता बाहेर टाकण्याची ताकद, आणि ती मोजतात बाहेर ३५ अंश धरून. आपल्याकडच्या ४५ मध्ये ती घटते. त्यामुळे आधी गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करा, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढा, बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीला सावलीत लावा. मग मोठं यंत्र लागणार नाही. स्वतःचा धंदा कमी करणारा हा सल्ला ऐकूनच माझं मन त्यांच्याकडे झुकलं.

हवेचा विषयही त्यांनीच काढला. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. दारं-खिडक्या लावून रात्रभर झोपलं की सकाळी डोकं जड होतं. आईला दम्याचा त्रास, म्हणून तिच्या खोलीत जाळी बसवलेला, ताजी हवा आत घेणारा छोटा पंखा आणि समोरच्या भिंतीला वर झरोका ठेवला. स्वयंपाकघर आणि न्हाणीला एक्झॉस्ट पंखे. भिंती उभ्या राहत होत्या तेव्हाच ही भोकं सोडून घेतली, नंतर फोडाफोड नको.

शेवटी मी एकच विचारलं : ऐन मे महिन्यात बिघडलं तर माणूस कुठून येणार? त्यांचा मेकॅनिक अड्याळला राहतो, म्हणजे आमच्याच तालुक्यात. भाव नागपूरपेक्षा थोडा चढा होता. तांब्याच्या नळीची लांबी, स्टॅबिलायझर, बसवणावळ आणि सर्व्हिस कोटेशनवर लिहून घेतली आणि आगाऊ रक्कम दिली.