लुंबिनीच्या रानातला रोही

दीक्षाभूमीचा सोहळा आटोपून आम्ही उपासक-उपासिका गोरखपूरमार्गे निघालो. सोनौलीला सरहद्द ओलांडली आणि लुंबिनीत उतरलो. मायादेवी मंदिरात वंदना झाली. त्याविषयी या पानांतून पुष्कळदा आले आहे. आम्हाला सांगायचे आहे ते बाहेरच्या रानाविषयी.

पाणथळीच्या कडेला माणसाहून उंच गवत पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांनी फुलले होते. त्यातून सारसाची जोडी बाहेर आली. माणसाएवढे उंच पक्षी, मान लालभडक! महाराष्ट्रात ते आता गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरले आहेत. देवदत्ताने बाण मारलेला पक्षी सिद्धार्थाने वाचवला, ती गोष्ट मुलांना लगेच आठवली.

पुढे गवतात निळसर करडे जनावर उभे होते. नीलगाय!

"अवो बाई, हा तं रोही!" आमच्यातल्या वर्धेकडच्या मावशी म्हणाल्या. मागल्या साली रोह्यांच्या कळपाने त्यांची दोन एकर तूर फस्त केली होती. इथे तो दहा पावलांवर निवांत चरत होता. मुले हरखली. मावशी मात्र गप्प.

त्यांना बरे वाटावे म्हणून आमच्यातले गुरुजी म्हणाले, "सम्राट अशोकाने लुंबिनीचा बली हा कर माफ केला, पिकातला राजाचा वाटा आठवा हिस्सा केला. स्तंभावर तसे कोरले आहे."

"राजानं सोडलं गुरुजी, पन रोही काई सोडत नाई."

परतताना एका भातशेताच्या बांधावर एक म्हातारा पत्र्याचा डबा बडवत रोही हाकलत होता. बस सुरू झाली तरी मावशी खिडकीतून त्याच्याकडेच पाहत होत्या.